दस्त्यातली शमीची पानं

माझ्या बायकोच्या मते मी देवळात गेलो तर आधी देवाकडे ओळखपत्र मागेन. यात तिची चूक नाही. माझी सगळी नोकरी बँकेच्या तपासणी खात्यात गेली. अचानक एखाद्या शाखेत जाऊन उभं राहायचं, तिजोरी उघडायला लावायची, तारण ठेवलेल्या दागिन्यांच्या पिशव्यांची सीलं उलटसुलट करून बघायची, आणि मॅनेजर जितकी गोड कॉफी पाजेल तितकं त्याच्यावर जास्त लक्ष ठेवायचं. वर्षानुवर्षं असं केल्यावर माणूस संध्याकाळी घरी येऊन भाबडा होईल अशी अपेक्षा करणंच चुकीचं. भाजीवाली कढीपत्ता फुकट देते तेव्हासुद्धा माझ्या मनात पाल चुकचुकते, आणि मी घरी येऊन वांगी एकेक करून तपासतो.

छंद लागला तोही या स्वभावाला खतपाणी घालणारा. लष्करानं मोडीत काढलेल्या जुन्या रायफली विकत घ्यायच्या आणि त्यांचा इतिहास शोधायचा. सुरुवात कॉलेजात झाली. एन.सी.सी.च्या कवायतीला मिळालेल्या माझ्या रायफलीवर एक मुकुट कोरलेला होता, खाली काही अक्षरं होती, आणि एक नंबर खोडून शेजारी दुसरा घातलेला होता. हा पहिला नंबर कुणी खोडला आणि का, असं मी हवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "तुला ती खांद्यावर घ्यायला दिलीय, वाचायला नाही." त्या दिवसापासून मी रायफली वाचतोच आहे.

वाचायला भरपूर असतं. सरकारी कचेरीतल्या जुन्या लोखंडी कपाटावर जसे एकावर एक नंबर रंगवलेले असतात, हे खातं, मग ते खातं, मग गोदाम, तसं लष्करी रायफलीचं असतं. कुठल्या कारखान्यात घडली, कुठल्या साली, कुठे दुरुस्त झाली, कुणी तिला नापास केलं, सगळं तिच्या अंगावर ठोकलेलं असतं. फक्त ते ठोकणारा माणूस खरं बोलतोय की नाही हे आपण बघायचं. आणि लष्कराची थ्री-नॉट-थ्री सामान्य माणसाला ठेवता येत नाही, त्यामुळे मोडीत निघालेल्या रायफलीची नळी काढून थ्री-फिफ्टीनची नळी बसवलेली असली तरच ती आमच्यासारख्यांच्या वाट्याला यायची. म्हणजे अंग एका जन्मातलं आणि नळी दुसऱ्या जन्मातली. यात फसवायला किती जागा आहे हे सांगायला नकोच.

परवान्यासाठी चौकशीला आलेल्या पोलीस इन्स्पेक्टरनं मला विचारलं होतं, तुम्हाला शत्रू आहेत का? मी म्हटलं, नाही. शिकार करता? नाही. मग रायफल कशाला? इतिहासासाठी, मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी आयुष्यभर मॅनेजर लोकांकडे बघत आलो. मला त्याचं कौतुक वाटलं. परवाना मात्र त्यानं अडवला नाही.

ही हकिगत आहे दोन हजारनंतरच्या दशकातली. त्या वर्षी तमिळनाडूत विधानसभेची निवडणूक होऊन गेली होती. आम्ही चेन्नईत पश्चिम मांबलमला राहत होतो. मी तंजावरचा मराठी, म्हणजे आमचे पूर्वज तिकडे गेले आणि परत यायचं राहूनच गेलं. घरात आम्ही बोलतो ती मराठी ऐकून माझी बायको लग्नानंतर पहिले काही महिने तोंडाला पदर लावून हसत होती. ती साताऱ्याची. ही जी मराठी मी लिहितोय ती तिच्याकडून आणि तिच्या दिवाळी अंकांतून शिकलेली आहे. चुकलं तर दोष तिचा.

माउंट रोडवर बंदुकांचं एक जुनं दुकान होतं. मालक कपाळभर विभूती लावायचा आणि इतकं हळू बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, प्रत्येक शब्द वकिलाला विचारून काढतोय. पाऊस सुरू व्हायच्या आधीच्या त्या उकाड्याच्या दिवसांत त्यानं मला बोलावून एक थ्री-फिफ्टीन दाखवली. नखशिखांत ग्रीसनं माखलेली होती.

"डेपोचा माल, सार्," तो म्हणाला. "ग्रीससुद्धा पुसलेलं नाही. कुणाच्या घरी गेलेली नाही."

"आली कुठून?"

"वरून."

त्याचं वरून म्हणजे विंध्याच्या पलीकडून कुठूनही. मी आणखी खोदून विचारलं तेव्हा त्यानं माझ्यासाठी कॉफी मागवली. झालं, कॉफी आली म्हणजे पाणी मुरतंय हे मला कळतं. मी रायफल घेतली आणि त्याच क्षणी या माणसाला पकडायचं असंही ठरवलं. या दोन गोष्टी मला परस्परविरोधी वाटल्या नाहीत.

पोलिसांकडे नोंद वगैरे होऊन ती घरी आल्यावर रविवारी सकाळी मी हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरली, रॉकेल आणि जुनी बनियनं घेतली आणि बसलो. पहिला पुरावा ग्रीसनंच दिला. डेपोत वर्षानुवर्षं पडलेलं ग्रीस मेणासारखं पिवळं आणि घट्ट होतं, नखानं खरवडावं लागतं. हे तर मोटारगॅरेजमधलं ताजं ग्रीस होतं, बोटानं निघत होतं. कुणीतरी ही रायफल हल्लीच माखली होती. पुसत गेलो तसा लाकडी दस्ता दिसायला लागला. खांद्याला टेकतो तो भाग आणि गाल लागतो ती बाजू गुळगुळीत आणि काळसर झालेली होती. म्हणजे वर्षानुवर्षं कुणीतरी एकाच माणसानं ती प्रेमानं हाताळली होती. कुणाच्या घरी गेलेली नाही म्हणे!

मग डाग दिसला. दस्त्याच्या गळ्याशी, जिथे मूठ बसते, त्याच्या वरच्या लोखंडावर बोटाच्या टोकाएवढा गोल डाग. गंज पुसलेला होता, पण खाली लोखंड खाल्लं गेलं होतं. बायको कॉफी घेऊन आली आणि वाकून बघत म्हणाली, "गंध आहे हे."

"कसलं गंध?"

"अहो, खंडेनवमीचं. आमच्याकडे आजोबांच्या तलवारीवर असाच डाग आहे. ओलं चंदन लोखंडावर राहिलं की खातं ते. फक्त आम्ही पात्याला लावतो. हे मुठीशी का लावलंय?"

मी हातातलं बनियन खाली ठेवलं. मुठीशी गंध आम्ही लावतो, तंजावरचे. शस्त्राच्या तोंडाला गंधकुंकू लावायचं नाही असं आमच्याकडे घट्ट मानतात. आणि नवमीला पूजेत ठेवलेली वस्तू दशमीपर्यंत हलवायची नाही, त्यामुळे गंध रात्रभर तसंच राहतं. लष्करातली पूजा असती तर हवालदारानं तासाभरात पुसून घेतलं असतं. तरी मी लगेच विश्वास ठेवला नाही. संशय घेताना घाई करायची नाही हे मी नोकरीत शिकलो होतो.

दस्त्याच्या तळाला पितळी पट्टी असते आणि तिला एक छोटी झडप. आत पोकळी असते, तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी ठेवण्यासाठी. मी नाणं घालून झडप उघडली. बाटली नव्हती. दोरी नव्हती. वर्तमानपत्रावर चिमूटभर वाळलेली बारीक पानं पडली आणि दोरा गुंडाळलेलं हळकुंड पडलं.

शमीची पानं होती ती. इथे वन्नी म्हणतात. साताऱ्याला दसऱ्याला आपट्याची पानं वाटतात, पण आमच्या घरांत शमी, आणि ती वाटायची नाही, शस्त्राच्या पोटात ठेवायची. तलवार असेल तर म्यानात. तलवारी राहिल्या नाहीत तेव्हा आमचे लोक कारकून आणि मास्तर झाले, पण रीत सोडली नाही. माझ्या आजोबांनी ती पानं फाउंटन पेनच्या टोपणात ठेवली आणि वडिलांनी टाइपरायटरच्या झाकणाखाली. पुढच्या वर्षी जुनी काढायची, नवी घालायची. म्हणजे गेल्या दसऱ्याला ही रायफल एका तंजावर मराठी घरात होती. आमच्याच लोकांपैकी कुणाच्या तरी.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी दुकानात हजर झालो. मालकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सार्, कागद बरोबर आहेत की नाहीत?"

"आहेत."

"पोलिसांची सही?"

"आहे."

"मग रायफल परत करायची आहे का?"

करायची नव्हती. तो ताकास तूर लागू देईना. कागद सगळे बरोबर होते, आणि त्यामुळेच मला जास्त वाईट शंका येत होती. इंटरनेटवर अशा रायफलींच्या वेड्यांची एक मंडळी होती. ब्राउझिंग सेंटरमध्ये बसून मी तिथल्या कॅनडातल्या एका गृहस्थाला शिक्क्यांचे फोटो पाठवले. त्यानं रायफल बंगालमधल्या कारखान्यात घडल्याचं आणि पुढे दक्षिणेत वापरात असल्याचं नीट समजावून सांगितलं. इतकी मदत हा माणूस फुकट का करतोय, असंही मला वाटलं. पण गेल्या दसऱ्याबद्दल कॅनडातून काही कळण्यासारखं नव्हतं.

माझं म्हणणं तोपर्यंत पक्कं होत आलं होतं. कुणीतरी म्हातारा असणार. निवडणुकीच्या आधी सगळ्यांना बंदुका जमा कराव्या लागतात, त्या गडबडीत मुलानं किंवा जावयानं सही घेतली असणार, आणि जमा करतो सांगून रायफल विकली असणार. म्हाताऱ्याला पत्ता नसणार. असे मुलगे मी बँकेत पुष्कळ पाहिले होते. बापाला दोन्ही दंडांना धरून काउंटरपाशी आणतात आणि सही कुठे करायची तेवढं बोटानं दाखवतात. मला त्या न पाहिलेल्या मुलाचा भयंकर राग येत होता. खरं सांगायचं तर त्या रागात मी मजेत होतो.

नवरात्र आलं. चेन्नईत नवरात्रात घरोघरी कोलू मांडतात, पायऱ्यांवर बाहुल्यांची आरास, आणि बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला जातात. माझी बायको दरवर्षी उत्साहानं जाते, पण त्या वर्षी तिला मी कामगिरीवर पाठवलं. आमची मंडळी या शहरात इतकी थोडी आहेत की कुणीही कुणाचा तरी मेहुणा निघतोच. बायको बाहुल्यांसमोर बसायची, एखादं पद म्हणायची, सुंडल म्हणजे प्रसादाची उसळ खायची आणि सहज विचारायची, तुमच्याकडे खंडेनवमीला काय काय मांडता हो? ती माझ्या खात्यात असती तर निम्मे मॅनेजर तुरुंगात असते.

सहाव्या का सातव्या माळेला ती घरी आली आणि पर्स टेबलावर टाकून म्हणाली, "आवडीला."

चेन्नईबाहेर आवडी म्हणून गाव आहे, तिथे एक माजी सैनिक राहत होते, सगळे त्यांना मामा म्हणत. लष्करातून सुटल्यावर तिथल्याच संरक्षण कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. गेल्या मार्गळीत, म्हणजे दसऱ्यानंतर दोनेक महिन्यांनी, त्यांची बायको गेली. म्हणून त्या घरी यंदा कोलू नाही. "आणि मामांची बंदूकही घरात नाही म्हणे," बायकोला बातमी देणारी बाई म्हणाली होती. "पोलिसांकडे अडकली आहे. रोज विचारतात बिचारे."

"निवडणूक होऊन किती महिने झाले!" मी म्हटलं. "पोलिसांकडे म्हणे! आपल्या कपाटात आहे ती."

"तुम्ही तिथे जाऊन काय करणार?"

"सांगणार त्यांना. त्यांची वस्तू आहे. त्यांना कळायला नको?"

ती पर्स उचलून आत गेली. आमच्या दोन्ही रायफली तिच्या साड्यांच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात होत्या आणि किल्ली तिच्याकडे असायची. हा नियम तिनं पहिली रायफल आली तेव्हाच केला होता. मला कारण सांगितलं नव्हतं.

खंडेनवमीच्या दिवशी सुट्टी होती. मी सेंट्रलहून लोकल धरून आवडीला गेलो. घर शोधायला त्रास झाला नाही. सून दारात आली. मुलगा श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात, पहाटेच कंपनीच्या बसनं गेला होता. मामा पुढच्या ओट्यावर खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली, पाठ ताठ. मी कुणाचा कोण, राहतो कुठे, हे सांगितलं. त्यांनी माझ्या आजोळापर्यंत चौकशी केली आणि समाधान झाल्यावर बसायला सांगितलं. मी बँकेतला आहे म्हणालो, पण का आलोय ते सांगितलं नाही. जुन्या रायफलींची आवड आहे, घरीही आहे, एवढंच म्हटलं.

त्यांनी मान वळवून आत हाक दिली. "बंदूक आली की?"

आतून सून म्हणाली, "नाहीं, मामंजी. पोलीस स्टेशनांत काम संपलें नाहीं. पुढल्या महिन्यांत देतों म्हणतात."

"सेरी," मामा म्हणाले, म्हणजे ठीक आहे.

खोटं बोलणाऱ्याचा आवाज मी ओळखतो. जरा जास्त लवकर येतो आणि जरा जास्त गोड असतो. माझं डोकं तापलं. नवमीचा दिवस, म्हातारा आपल्या शस्त्राची वाट बघतोय, आणि ही बाई पाठांतर म्हणून दाखवतेय. पाणी पिण्याच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात गेलो आणि सरळच विचारलं, "कोणत्या दुकानात विकलीत?"

तिच्या हातातलं कॉफीचं भांडं कट्ट्यावर आपटलं. तिनं आधी मागे वळून ओट्याकडे बघितलं, मग दार लोटलं.

"अण्णा, तुम्हांस कोणीं सांगितलें?"

"कुणी नाही. ती माझ्याकडेच आहे. तुम्ही म्हाताऱ्या माणसाला फसवता, लाज नाही वाटत?"

ती रडली नाही. पदराच्या टोकाला हात पुसत राहिली, कोरडे होते तरी. मग हलक्या आवाजात बोलली.

"आत्तेबाई गेल्या, त्यावर कांहीं दिवसांनीं. दुपारीं मी काफी घेऊन गेलें. दार आंतून लावलेलें. हाका मारल्या, उत्तर नाहीं. खिडकींतून पाहिलें तर मांडीवर बंदूक घेऊन बसलेले. तसेच. मज पाहून सुद्धां पापणी हलली नाहीं. मी ओरडलें, शेजारचे आले, दार ढकललें. तेल लावीत होतों म्हणाले." ती थांबली. "अण्णा, घरांत तेलाची बाटलीच नव्हती. मी सगळें शोधलें."

मी दार नीट लागलंय का ते बघितलं.

"मग यांनीं निवडणुकीचें निमित्त काढलें. दुकानदारांस आम्हींच हात जोडले, कोठली म्हणून कोणास सांगूं नका. आपल्या माणसांत कळलें कीं मामंजींच्या कानावर येणारच. तुम्ही सांगूं नका, अण्णा. तुमच्या पायां पडतें."

ती खरंच वाकायला लागली. मी तिला अडवलं. त्या माउंट रोडवाल्याला मी महिनोन्महिने चोर समजत होतो आणि तो फक्त दिलेला शब्द पाळत होता. पण त्याचा विचार नंतर केला. त्या वेळी फक्त भीती वाटली. आपण दाराबाहेर बसलेल्या माणसाला काय सांगायला निघालो होतो, हे तेव्हा लक्षात आलं.

मी ओट्यावर येऊन बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून पावसाबद्दल बोललो. मामांनी तो विषय बाजूला सारला.

"तुजजवळ बंदूक आहे म्हणालास."

"आहे."

"कोठें ठेवतोस?"

"कपाटात. कुलूप असतं."

"किल्ली?"

"बायकोजवळ."

"बरें आहे," ते म्हणाले. मग रस्त्याकडे बघत बोलत राहिले. आवाज एवढा खाली होता की मला खुर्ची पुढे ओढावी लागली. "मुलानें सही घेतली तेव्हां मज वाचतां येत होतें. कशाची सही तें मज ठाऊक. तूं आज कां आलास, तेंही ठाऊक. बँकेचा माणूस नवमीचे दिवशीं आवडीस उगीच येत नाहीं."

"मामा, मग रोज का विचारता?"

"मी विचारतों, ती खोटें सांगते. ती खोटें सांगते तोंवर बंदूक घरांत नाहीं. मज तेवढेंच कळायाचें असतें. ज्या दिवशीं ती 'आली' म्हणेल त्या दिवशीं मज भय." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "एक सांगतों. मी स्वतां तुझ्या दारीं येऊन मागितली तरी देऊं नकोस. मी काय वाटेल तें बोलेन. देऊं नकोस."

मी हो म्हटलं. सुनेनं कॉफी आणली. आम्ही प्यालो. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा असं वाटत होतं की मला काहीही कळलं नसतं तर बरं झालं असतं. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं किल्ली पर्समधून काढून गळ्यातल्या मंगळसूत्राला अडकवली, आणि आवडीला फोन करून सुनेशी बराच वेळ बोलली.

ते आले मार्गळीत. त्यांच्या बायकोचं वर्षश्राद्ध होऊन थोडे दिवस झाले होते. शनिवारी बँक अर्धा दिवस असे, मी नुकताच जेवून उठलो होतो. बेल वाजली. दारात मामा. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. आवडीहून सेंट्रलला उतरून, पार्क स्टेशनात दुसरी गाडी धरून, एकटे मांबलमला आले होते. घरी कुणालाही न सांगता.

बसले, पाणी प्याले. मग साध्या आवाजात म्हणाले, "ती जरा दाखव."

"नाही, मामा."

"पाहतों फक्त. हातांत घेतों, पुसतों, परत देतों. तुझ्यासमोर."

"नाही."

"मी तुझ्या वडिलांचे वयाचा आहें."

"हो. तरी नाही."

त्यांचा आवाज चढला. शिपायाला हुकूम सोडावा तसे बोलले. मग माझ्यावर घसरले. मी चोर आहे, चोरीची वस्तू घरात ठेवून वर इतिहास सांगतो, म्हाताऱ्याची चेष्टा करतो. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला. आतल्या खोलीत माझी बायको कपाटाला पाठ लावून उभी होती, हात गळ्याशी. मी नाही, नाही एवढंच म्हणत होतो. मला इतका राग येत होता की काय सांगू, आणि तो राग नेमका कुणावर, हे समजत नव्हतं. मग ते थांबले. त्या ताठ पाठीचा माणूस माझ्या हॉलमधल्या दिवाणावर ओंजळीत तोंड घालून रडला. गेलेल्या बायकोचं नाव घेत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, दुसरं काय करणार.

बायकोनं कारखान्यात फोन लावला. मुलाला निरोप पोचायला आणि त्याला श्रीपेरुंबुदूरहून यायला संध्याकाळ झाली. तोवर मामांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. पकड घट्ट होती. मी उठायला गेलो की अधिकच घट्ट व्हायची. बायकोनं केळी आणून ठेवली, कॉफी दोनदा केली. ती दोन्ही वेळा निवली. त्यांना आपल्या बायकोबद्दल बोलायचं होतं तेवढं बोलले. ती कशी कुणाला न सांगता पहाटे उठून दारापुढे कोलमची रांगोळी घालायची, आणि रागावली की तमिळमध्ये का बोलायची.

मुलगा दारात दिसला तेव्हा अंगावर कंपनीचा निळा युनिफॉर्म होता. घामानं भिजलेला, चेहरा पांढराफटक. तो उंबऱ्यातच उभा राहिला. त्याची नजर बापाच्या हातांकडे गेली, मग माझ्याकडे, मग पुन्हा बापाच्या हातांकडे.

मामांनी माझं मनगट सोडलं, खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि त्याला म्हणाले, "पोलिसांकडेच आहे. आणखी वेळ लागेल म्हणतात. मी विचारून आलों."

"सेरी, अप्पा," मुलगा म्हणाला, आणि त्यानं खाली वाकून त्यांची चप्पल त्यांच्या पायांशी सरकवली.